नोटीस सातबाऱ्यावर, आवाज मात्र घरावर

(बारामती-इंदापूर परिसरातील महिला मंडळे आणि बचत गट यांच्या भवानीनगर येथे झालेल्या एकत्रित बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संपादन केले आहे.)



आजच्या पत्रकावर विषय छापलाय, ‘गॅस कॉम्प्रेसरचा आवाज आणि धूर’. येताना एस.टी.त एका मावशींनी पत्रक वाचलं आणि मला विचारलं, “ताई, ह्यो बायकांचा विषय कसा काय?” मला त्यांचा राग आला नाही. कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न मी स्वतः विचारला होता, आणि तो चुकीच्या ठिकाणी विचारला होता. त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

आपल्या तालुक्यातल्या एका वस्तीवर मी बचत गटाच्या कामासाठी जात असे. वस्तीचं नाव आणि गॅसच्या त्या केंद्राचं नाव मी घेणार नाही, कारण पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि तिथल्या बायकांना त्याचा त्रास व्हायला नको. वस्तीच्या कडेला, रस्त्यालगत, सीएनजी भरायचं केंद्र झालं. तिथे गॅस यंत्रानं दाबतात, सिलेंडरच्या चळती लावलेल्या ट्रकमध्ये भरतात आणि पाइपलाइन नसलेल्या दूरच्या पंपांना पाठवतात. ट्रक रात्रीही येतात. बैठकीत बायका म्हणू लागल्या, “ताई, झोप नाही. मशीन घुमतं. मांडणीवरची भांडी वाजतात.” आणि मी काय केलं? मी म्हटलं, “ते बघू पुढं. आज आपला विषय घरातली मारहाण आहे.” एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासात मी प्रश्नांचे कप्पे करायला शिकले होते. स्त्रियांवरील हिंसा हा एक कप्पा, पर्यावरण हा दुसरा. बायकांचं जगणं मात्र कप्प्यांत नसतं.

त्या दिवशी एक बाळंतीण गप्प बसली होती. नंतर तिनं सांगितलं, बाळ रात्री सारखं दचकून उठतं, ते उठलं की सासू बोलते, नवरा चिडतो, आणि परवा त्यानं हात उचलला. म्हणजे मी ज्या विषयासाठी बैठक घेतली होती, तोच विषय ती सांगत होती. मी ऐकलं नव्हतं.

मग आम्ही नीट विचारायला लागलो की हा आवाज कोणाच्या वाट्याला किती येतो. पुरुष दिवसा बाहेर. रात्रीची वीज असली की ते उसाला पाणी धरायला जातात. मळ्यात असताना तो आवाज लांब राहतो. घरात कोण असतं? म्हातारी माणसं, लहान मुलं, बाळंतीण, आजारी माणूस आणि या सगळ्यांचं करणारी बाई. चोवीस तासांतला सर्वांत जास्त आवाज तिच्या कानावर पडतो. ती म्हणाली, “डोकं दुखतंय,” तर ते नखरे ठरतात. दहावीची मुलगी म्हणाली, अभ्यास होत नाही, तर तिला मामाकडे पाठवायचं ठरतं, आणि एकदा मुलगी मामाकडे गेली की पुढे तिच्या लग्नाचंच बोलणं निघतं. पुरुष सांगतात, “सवय होईल.” सवय करून घ्यायचं काम नेहमी बाईचंच असतं.

आपण इथे कारखान्याच्या गावात बसलो आहोत. भोंगा आपल्याला परका नाही. भोंग्यावर आपल्या आयांनी भाकरी थापल्या, पाळ्या बदलल्या. पण भोंग्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. तो वेळ सांगतो आणि गप्प बसतो. कॉम्प्रेसर थांबत नाही, किंवा कधी थांबेल आणि कधी सुरू होईल हे कळत नाही. अशा आवाजाची वाट पाहतच माणूस अंथरुणावर पडलेलं असतं.

आता हे यंत्र नेमकं काय करतं ते समजून घेऊ. ‘तुम्हाला त्यातलं कळत नाही’ असं म्हणून आपल्याला गप्प बसवतात, म्हणून हे कळलंच पाहिजे. घरच्या कुकरला शिट्टी येते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. सीएनजी गाडीच्या टाकीत तो सुमारे २०० पट असतो. एवढा दाब आणायला दट्ट्याचं यंत्र लागतं, ते चालवायला गॅसचं इंजिन किंवा विजेची मोटर लागते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसाच दाबलेला गॅस तापतो. तो थंड करायला मोठे पंखे लागतात. लांबच्या पाइपलाइनवरही अशीच केंद्रं असतात, कारण नळीतून जाताना घर्षणानं गॅसचा दाब कमी होतो आणि काही अंतरावर तो पुन्हा वाढवावा लागतो. हजिऱ्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या पाइपलाइनवर मध्य प्रदेशात झाबुआ, विजयपूर इथे अशी केंद्रं आहेत. आंध्रातल्या काकीनाड्याहून निघून महाराष्ट्र ओलांडत गुजरातेत भरुचपर्यंत जाणारी पाइपलाइन २००९ पासून सुरू आहे, तिलाही कॉम्प्रेसर लागतात. आता साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि प्रेसमडपासून बायोगॅस करून तो दाबून विकायची योजना केंद्र सरकारनं २०१८ साली आणली. म्हणजे ऊसपट्ट्यात ही यंत्रं वाढणार आहेत. म्हणून आजच बोलायचं.

आवाज चार-पाच ठिकाणांहून येतो. इंजिनाच्या धुराड्यातून, हवा ओढायच्या तोंडातून, पंख्यांतून, थरथरणाऱ्या नळ्यांतून. आणि दुरुस्तीसाठी यंत्रातला गॅस एकदम बाहेर सोडतात तेव्हा जो फूत्कार होतो, तो सगळ्यांत भयंकर. यातला खालच्या सुरातला, घुमणारा आवाज लांबवर जातो आणि पत्र्यातून, भिंतीतून आत शिरतो. मांडणीवरची भांडी वाजतात ती त्यामुळे. त्यात आणखी एक गोम आहे. आवाज मोजायच्या यंत्रावर जे नेहमीचं ‘ए’ माप वापरतात, ते या घुमणाऱ्या आवाजाला कमी वजन देतं. म्हणून साहेबाच्या यंत्रावर आकडा बरा दिसतो आणि बाईची झोप मात्र उडालेली असते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता हवेचं. गॅसला स्वच्छ इंधन म्हणतात. कोळशाच्या मानानं ते आहेही. पण गॅसच्या इंजिनाच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळ्याला आणि घशाला झोंबणारं फॉर्मल्डिहाइड असतं. शिवाय न जळलेला मिथेन. दट्ट्याच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजलं की तिथून गॅस गळतो. मिथेनला स्वतःला वास नसतो. वाहनांच्या आणि घरच्या गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळतात, गळती कळावी म्हणून. त्यामुळे वास येत असेल तर तो ‘भास’ नाही, ती सूचना आहे. बायोगॅसच्या प्लँटजवळ सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो विषारी असतो. आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपटीहून अधिक तापवतो. म्हणजे गळती थांबवणं वस्तीच्याही भल्याचं आणि जगाच्याही.

आता महत्त्वाची गोष्ट. यातल्या जवळजवळ प्रत्येक त्रासावर उपाय ठाऊक आहेत. यंत्राभोवती आतून आवाज शोषणारा थर लावलेली बंद पेटी. धुराड्याला चांगल्या दर्जाचा सायलेन्सर. पंखे मोठे पण संथ फिरणारे. यंत्राच्या पायाखाली कंप अडवणाऱ्या गाद्या. वस्तीच्या बाजूला भिंत. शक्य तिथे इंजिनाऐवजी विजेची मोटर, म्हणजे धुराडंच राहत नाही. इंजिन असेल तर धुरावर उत्प्रेरक बसवता येतो. पॅकिंग ठरलेल्या मुदतीत बदलायचं. अमेरिकेत २०१२ पासून काही प्रकारच्या कॉम्प्रेसरना २६,००० तास चालल्यावर किंवा ३६ महिन्यांनी ते बदलण्याचा नियम आहे. दुरुस्तीच्या वेळी गॅस हवेत सोडण्याआधी होईल तेवढा परत कमी दाबाच्या नळीत घ्यायचा, उरलेला सोडायचा तो सायलेन्सरमधून, दिवसा, आणि आधी वस्तीला सांगून. यातली एकही गोष्ट चंद्रावरची नाही. डिझेल जनरेटरसाठी आपल्याच देशात नियम आहे की १,००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरचा आवाज पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. जनरेटर पेटीत घालता येतो, तर कॉम्प्रेसरही घालता येतो. पैसा लागतो. तो पैसा वाचवला की त्याची किंमत बाईच्या झोपेतून वसूल होते, एवढंच.

मग हे आधीच का होत नाही? कारण विचारायचं कोणाला, हे जमिनीच्या कागदावर ठरतं. पाइपलाइनसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन मालकाच्याच नावावर राहते, कंपनीला नळी टाकायचा हक्क मिळतो. राजपत्रात सूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते, पण ती जमिनीत हितसंबंध असलेल्यांनी. भरपाई बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पिकाचं नुकसान. केंद्रासाठी जागा विकत किंवा भाड्यानं घेतात, तो व्यवहार जमीनमालकाशी. दोन्हीकडे बोलणी सातबाऱ्यावरच्या नावाशी. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? हात वर करा. ... बघा. नोटीस सातबाऱ्यावर जाते, आवाज मात्र घरावर येतो. आणि शेजारच्या भूमिहीन घराला तर कुठलाच कागद येत नाही. मोठ्या साखर कारखान्याला २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली जनसुनावणी लागू शकते. पण अभयारण्यासारख्या संवेदनशील भागातून न जाणारी साधी गॅसची पाइपलाइन आणि तिचं केंद्र त्या यादीत बसत नाही. म्हणजे सुनावणीचा मंडपही पडत नाही.

तरी कायदा अगदीच रिकाम्या हातांचा नाही. १९८१ च्या हवा प्रदूषणाच्या कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि प्रदूषकाच्या व्याख्येत आवाज आला. म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला ‘आवाज आमच्याकडे येत नाही’ असं म्हणता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत मर्यादा आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असला तर कोणीही तक्रार करू शकतं, सातबारा लागत नाही. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडे. डेसिबलची बेरीज साधी नसते. १० वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. म्हणून रात्रीचे ४५ की ७० हा फरक कानाला पाच-सहापट आहे. सगळी लढाई इथे आहे. केंद्रवाले म्हणणार, आमची जागा औद्योगिक. आपण म्हणायचं, आमची घरं निवासी, आणि मोजायचं ते घराच्या अंगणात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली युरोपसाठी रात्रीचा बाहेरचा आवाज ४० डेसिबलच्या आत असावा असं सुचवलं. अमेरिकेत आंतरराज्य पाइपलाइनच्या नव्या कॉम्प्रेसरचा आवाज सर्वांत जवळच्या घरापाशी मोजतात, दिवसरात्रीच्या सरासरीची मर्यादा ५५ डेसिबल, आणि ती सरासरी काढताना रात्रीच्या आवाजात १० डेसिबल मिळवून धरतात. रात्र महाग धरायची, हे त्यांना पटलंय.

अर्थात तिथेही हे आपोआप मिळत नाही. व्हर्जिनिया राज्यात युनियन हिल नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी ती वसवली. तिथे पाइपलाइनचं कॉम्प्रेसर स्टेशन यायचं ठरलं. वस्तीत काळे लोक बहुसंख्य नाहीतच, अशी मोठ्या भागाची सरासरी पुढे करण्यात आली. तेव्हा लक्ष्मी फ्योर्ड या मानववंशशास्त्रज्ञ बाई आणि वस्तीतली माणसं घरोघर गेली. कोण राहतं, कोण आजारी आहे, कोण कधीपासून राहतं, याची नोंद केली. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयानं त्या केंद्राचा हवेचा परवाना रद्द केला आणि बजावलं की पर्यावरणीय न्याय ही नुसती चौकटीत खूण करायची बाब नाही. जुलै २०२० मध्ये तो पाइपलाइन प्रकल्पच कंपन्यांनी सोडून दिला. मला यातली घरोघरची वही सगळ्यात मोलाची वाटते. सरासरीत माणूस हरवतो, वहीत सापडतो.

आमच्या वस्तीवरही वहीच उपयोगी पडली. पहिली तक्रार केली तेव्हा साहेब दुपारी अकराला आले, गेटपाशी मोजलं, “मर्यादेत आहे” म्हणून गेले. मग आम्ही शाळेच्या वह्या वाटल्या. तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ, घरात काय झालं. लिहिता न येणाऱ्या आक्का नातीला सांगायच्या. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. त्रास मध्यरात्रीनंतर, ट्रकांची रांग लागते तेव्हा. गॅस सोडायचा फूत्कार पहाटे. वहीच्या नकला जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला, की रात्री एक ते चार या वेळात, अमुक घराच्या अंगणात मोजा.

अर्जावर सह्या करताना मात्र अडलं. एका मावशींचा मुलगा त्याच केंद्रावर वॉचमन. त्या म्हणाल्या, “माझ्या लेकाची भाकरी जाईल. तुमचं काय जातंय?” खोलीत एकदम शांतता झाली. त्यांना फितूर म्हणणं सोपं होतं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. आमच्या भागात बाराही महिने पगार देणाऱ्या नोकऱ्या किती आहेत? तेव्हा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, केंद्र बंद करा असं लिहायचं नाही, आवाज आणि गळती आवरा असं लिहायचं, उपायांची नावं घेऊन. आणि आत काम करणाऱ्यांचीही मागणी घालायची. कारखान्यात कामगारासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे. कान झाकायची साधनं, कानांची तपासणी. यंत्र पेटीत गेलं तर मावशींच्या लेकाचे कानही वाचतात. दुसरं, पहिली सही कोणाची, हे दिसता कामा नये. एका आजींनी युक्ती सांगितली. तुकोबांच्या पालखीचं रिंगण इथे बेलवाडीला होतं, ते सगळ्यांना पाठ. त्या म्हणाल्या, “गोल करा की सह्या. रिंगणात पहिला कोण न् शेवटचा कोण?” तशा गोल सह्या झाल्या. मावशींनी अंगठा दिला.

रात्री मोजणी झाली. त्यानंतर वस्तीच्या बाजूला भिंत आली, धुराड्याचा सायलेन्सर बदलला, गॅस सोडायची वेळ दिवसाची ठरली आणि तिचा फलक गेटवर लागला. पंख्यांचा आवाज अजून आहे. वासाचं अजून मिटलेलं नाही. पेटीचं ‘विचाराधीन’ आहे. विजय झाला असं मी म्हणणार नाही. त्या बाळंतिणीच्या घरातली मारहाण भिंत बांधल्यानं संपली असंही नाही. तो लढा तिचा आणि आपला वेगळा चालू आहे. पण ती म्हणाली, “आता रात्री विचार करता येतो.” झोप झालेली बाई विचार करते. एवढ्यासाठीसुद्धा हा बायकांचा विषय आहे.

म्हणून तुमच्या गावात असं केंद्र असेल किंवा येणार असेल, तर पहिलं, त्याच्या बांधणीच्या आणि चालवायच्या संमतिपत्राची प्रत प्रदूषण मंडळाकडे माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. आवाजाच्या आणि धुराच्या अटी त्यात असतात. दुसरं, वस्ती कोणत्या वर्गात धरली आहे ते लेखी विचारा. शाळा, दवाखान्याच्या आसपासचा भाग आपोआप शांतता क्षेत्र होत नाही. २०१७ च्या दुरुस्तीपासून तो जाहीर व्हावा लागतो, तर तो जाहीर करा अशी मागणी करा. तिसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथे ठराव करा की ना हरकत दाखला देण्याआधी शेजारच्या घरांतल्या बायकांना विचारायचं, सातबारा असो वा नसो. केंद्र उभं राहण्याआधी पेटी, भिंत, मोटर मागणं सोपं असतं. नंतर प्रत्येक गोष्ट ‘विचाराधीन’ होते.

आणि वही. मागच्या टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. आज जाताना प्रत्येकीनं एक घ्यायची. आज रात्री तुमच्या घरात काय ऐकू येतं, किती वाजता, आणि कोण जागं होतं, तेवढंच पहिल्या पानावर लिहा. पुढच्या बैठकीत वाचू.